घाटमाथ्यावरचं पाणी

लोणावळ्यावर लिहायला बसलेला माणूस बहुधा धुक्यापासून सुरुवात करतो. आम्ही तिथं जन्मलो, वाढलो, त्यामुळे धुक्याचं कौतुक आम्हाला नव्हतं. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते, आणि चपला आठवडाभर कोपऱ्यात राहिल्या तर त्यांना बुरशी धरते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं हे गाव. आगगाडीने तळेगावाकडे सरकावं तसा तोच पाऊस झपाट्याने कमी होत जातो. आमच्याकडे धो धो चालू असताना मळवली-कामशेत सोडलं की पुष्कळदा नुसती भुरभुर.

म्हणून आमचा मे महिना बेगमीचा. लाकूडफाटा आणून माळ्यावर रचायचा, गोवऱ्या कोरड्या जागी हलवायच्या, कौलं शाकारायची, आणि पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधायचा, कारण झड तिकडूनच येते. सुकट-बोंबील डब्यात, कांदे टांगलेले. पाऊस लागला की धाकट्या भावंडांचे कपडे निखाऱ्यावर उलटी पाटी ठेवून तिच्यावर वाळवायचे. धुराचा वास त्या कपड्यांना कायमचा. शाळेत मास्तर नुसते जवळून गेले तरी कोण चुलीजवळचा आणि कोण बंगल्याच्या आउटहाउसमधला, हे त्यांना कळत असावं.

एवढं पाणी पडतं, तर ते जातं कुठं? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. लोणावळा बसलेलं आहे ते सह्याद्रीच्या अगदी धारेवर. एक पाऊल पश्चिमेला पडलेला थेंब खोपोलीकडे कोसळतो आणि अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला इंद्रायणीत जातो. ती आमच्या कुरवंड्याजवळ उगम पावते, देहू-आळंदीवरून भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि तो थेंब पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतो. निदान देवाने तरी तसं ठरवलेलं होतं. पुढे माणसांनी त्यात बदल केले. त्या बदलांचा इतिहास हाच माझ्या मते आमच्या गावाचा इतिहास आहे. बाकी पॉइंट बघायला लोक येतात, ते येवोत.

पहिला बदल रेल्वेचा. बोरघाटातली चढण 1856 ते 1863 अशी सात वर्षं बांधत होते. ठेकेदार ट्रेडवेल इंग्लंडहून 1859 मध्ये आला आणि महिन्याभरात दगावला. पुढचं काम त्याची बायको ॲलिस हिने इंजिनिअर नेमून पुरं करवून घेतलं. घाट झाला तशी वाफेची इंजिनं आली. आणि इंजिनाला बैलापेक्षा जास्त पाणी लागतं. त्यासाठी रेल्वेने भुशीला दगडी बांध घातला. आज त्याच बांधाच्या पायऱ्यांवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. भजी, मक्याची कणसं, ओले कपडे आणि गाड्यांची रांग. ज्यांना हे धबधब्याचं स्थळ वाटतं त्यांना ते इंजिनांचं पाणवठं होतं हे सांगून पटत नाही. 2024 च्या जूनअखेरीला तिथं मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरात वर पाऊस झाला की ओढा काही मिनिटांत फुगतो, हे आमच्याकडच्या गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याला विचारतो कोण? अशा वेळी दोर घेऊन धावतात ती शिवदुर्ग मित्रची स्थानिक पोरंच.

आमचे आण्णा रेल्वेत गँगमन. घाटात गँगमन असणं म्हणजे पावसाशी रोजची गाठ. पावसाळ्याआधी दरडीची टोळी कमरेला दोर बांधून कड्यावर चढायची आणि सुटत आलेले धोंडे पहारीने आपणच खाली पाडायची, म्हणजे ते पुढे रात्री गाडीवर पडायला नकोत. एकदा पाऊस लागला की रात्रीची गस्त. एका हातात कंदील, खांद्याला झेंड्यांची पिशवी, त्यात रुळावर लावायचे फटाके. रुळावर दगडमाती आलेली दिसली की पळत जाऊन ठरलेल्या अंतरावर ते फटाके लावायचे. चाकाखाली आवाज झाला की ड्रायव्हर गाडी थांबवणार. आण्णांनी उभ्या नोकरीत असे फटाके तीनदा लावले. त्या तीन गाड्यांतल्या लोकांना अर्थातच गाडी लेट झाल्याचा राग आला असणार. घरी आले की ते काही बोलत नसत. आई गरम पाण्यात मीठ टाकून त्यांचे पाय शेकायची. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या.

दुसरा बदल टाटांचा, आणि तो फार मोठा. मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा. घाटमाथ्यावरचं पाणी खाली सोडून वीज करावी ही कल्पना जमशेटजींची, पण ती प्रत्यक्षात यायच्या आत, 1904 मध्ये ते वारले. 1910 साली कंपनी उभी राहिली, 1911 मध्ये वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला. वळवण, लोणावळा आणि शिरवटा अशी तीन तळी झाली. पूर्वेला जायचं पाणी अडवलं, कालव्याने खंडाळ्याच्या कड्याशी आणलं आणि लोखंडी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडलं. 1915 मध्ये वीज सुरू झाली. जातं फिरवून झालेलं पाणी तिकडंच पाताळगंगेत जातं. म्हणजे इंद्रायणीच्या वाट्याचं पाणी अरबी समुद्राला. काम अचाट होतं यात वाद नाही. मी स्वतः पुढे यंत्रांवर काम केलं, त्यामुळे ते नळ बघताना आजही छाती दडपते.

फक्त एक गोष्ट लहानपणी समजायची नाही. पाऊस उघडला की आम्ही पोरं खंडाळ्याच्या कड्यावर जायचो. खाली खोपोली दिव्यांनी लखलखलेली. आणि मागे वळून पाहिलं तर आमच्या वाडीत अंधार. आमच्या घरात पहिला दिवा लागला तेव्हा मी तिसरीत होतो, म्हणजे खोपोलीला जातं फिरायला लागून जवळजवळ पन्नास वर्षं झालेली. तोवर रॉकेलची चिमणी. ज्या दिवशी दिवा लागला त्या दिवशी आजीने त्याला हात जोडले, हळदकुंकू वाहिलं, आणि मग म्हणाली, "आला का बाबा? लई फिरून आलास."

त्या बोलण्यामागचं दुखणं वेगळं होतं. आजीचं माहेर मुळशी खोऱ्यात. लग्न होऊन ती आमच्याकडे आली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिचं गाव धरणात गेलं. मुळशीचं धरण टाटांचंच. त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला जातं. तिथली वीज 1927 मध्ये सुरू झाली. त्याआधी 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्याने दिलं. शाळेच्या पुस्तकात हा भाग चार ओळींत येतो. न येणारा भाग असा, की पुष्कळशा जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांकडे अडकलेले होते. ज्याचा घाम जमिनीत तो 'जान' म्हणत होता आणि ज्याच्या पेटीत कागद तो भरपाईचा भाव विचारत होता. अशाने लढा फुटायचाच. बापट तुरुंगात गेले आणि भिंत पुरी झाली.

आजीच्या भावांना पैसे किती मिळाले हे घरात कधी कुणी बोललं नाही. एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला. ज्या विजेसाठी गाव बुडालं त्याच विजेवर फिरणाऱ्या मागावर तो उभा राहिला असेल, असा हिशोब मी आज मांडतो. त्याने तो मांडला नसावा, त्याला खोलीचं भाडं भरायचं होतं. दुसरा भाऊ काठावरच वर सरकून नाचणी-वरई पिकवत राहिला. पंचमीला, दिवाळीला आळीतल्या बायका माहेरी निघाल्या की आजी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची. आई म्हणायची, "आत्याबाई, मामंजींकडं जाऊन या की चार दिस." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर: "माझं म्हायार पाण्यात हाय. कुणाकडं जाऊ, मासळीकडं?" भावाचं वर सरकलेलं घर तिच्या लेखी माहेर नव्हतं. गावदेवी, विहीर, जातं, सगळं खाली राहिलं म्हणायची.

आमच्या रोजच्या जगण्यात मात्र या तळ्यांचा आम्ही होईल तेवढा उपयोग करून घेतला. लोणावळ्याचं तळं उन्हाळ्यात आटतं. त्याच्या भेगाळलेल्या तळावर आम्ही क्रिकेट खेळलो. चिवण्यांना, मुऱ्यांना ओढे धुंडाळले. एप्रिल-मेमध्ये आई आणि शेजारच्या बाया पहाटे रानात जाऊन करवंदं, जांभळं, आळू आणायच्या आणि पळसाच्या पानांचे द्रोण करून फलाटावर विकायच्या. मुंबईच्या गाड्या घाट चढून आल्या की मागून ढकलणारी इंजिनं इथं सुटतात, तेवढ्या वेळात जो धंदा होईल तो. बंगल्यांचे मालक दोन महिने यायचे आणि दहा महिने माळी त्या बंगल्याचा राजा. एका बंगल्यात माझ्या मावशीच्या नवऱ्याने तीस वर्षं माळीकाम केलं. मालकाच्या मुलाने बंगला विकला तेव्हा नव्या मालकाला दिलेल्या सामानाच्या यादीत पलंग, कपाटं, पितळी हंडे होते. काकांचं नाव कुठंच नव्हतं. आठ दिवसांत खोली रिकामी करा म्हणाले.

मे महिन्यात मात्र वाड्यांवर पाण्याची बोंब. चार हजार मिलिमीटरच्या गावात बाया कळशी घेऊन झऱ्याशी रांग लावतात, हे बाहेरच्याला खोटं वाटतं. पण उतारावरची मुरमाड जमीन पाणी धरत नाही. जे अडवलंय ते आपलं नाही. साधा हिशोब आहे.

1978 च्या मार्चमध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि आमचं गाव पुण्याचं उपनगर व्हायला लागलं. त्याच वर्षी मी पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. पुढची छत्तीस वर्षं पास काढला. सकाळच्या गाडीत दूधवाल्यांचा डबा ठरलेला. किटल्या दाराशी, टाळ खिडकीच्या खिळ्याला. मळवलीला चढणारे, कामशेतला चढणारे, वडगावपर्यंत डबा भरला की अभंग सुरू. आळंदीला न जाता रोज इंद्रायणीकाठाने जाणारी ही दिंडी होती म्हणा ना. दूधवाले सगळे मावळातले शेतकरी. पवनेकाठचे पुष्कळ. भाताच्या लावणीचे दिवस आले की निम्मे गायब व्हायचे आणि परत येत तेव्हा पायांना चिखलाचा रंग चढलेला असायचा.

पवनेचं धरण 1972 चं. त्याखाली वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ गेलंय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं. लोक दर्शनाला जातात, हल्ली फोटोलाही जातात. आमच्या डब्यात एकजण होता, त्याच्या घरची जमीन त्या धरणात गेलेली. तो दूध घालायचा ते चिंचवडच्या सोसायट्यांत, आणि त्या सोसायट्यांच्या नळाला पाणी पवनेचंच. माझ्या कारखान्याच्या कँटीनमध्येही तेच. धरणातून नदीत सोडायचं, रावेतला उचलायचं. नदीतून येतंय तोवर काठच्या शेतकऱ्याला भिजवायला मिळत होतं. मग शहर वाढलं आणि पाणी थेट धरणातून बंद नळाने न्यायचं ठरलं. शहराच्या बाजूने बोलणारे म्हणत, गळती थांबेल, पाणी स्वच्छ येईल. खोटं नव्हतं ते. पण नदीतून वाहणं थांबलं म्हणजे आपलं संपलं, हे शेतकऱ्याला शंभर वर्षांच्या अनुभवाने कळत होतं. डब्यात यावर कधी भांडण झालं नाही. मी शहरातला पगार घेणारा, ते गावातले. एकाच बाकावर बसून आम्ही बोलायचो ते पावसाचं, गुरांच्या पेंडीचं आणि पोरांच्या ॲडमिशनचं.

9 ऑगस्ट 2011 ला त्या जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण गेले, त्यांत एक बाई होती.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीला गेलो. पाऊस होता. कामशेतला चढले ते चौघेच, एरवी पंधरा-वीस असायचे. किटल्या दाराशी लावल्या, ओली इरली-छत्र्या टेकवल्या. टाळ खिडकीशी होते तसे होते, ते कुणी काढले नाहीत. धरणात जमीन गेलेला आमचा तो सोबती त्या दिवशी आला नव्हता. त्याच्या चिंचवडच्या गिऱ्हाइकांची किटली दुसऱ्याने आणली होती. चिंचवड आलं, तशी त्याने ती उचलली आणि उतरला.