मेटा टॅग : पडद्याआडच्या शब्दांचा इतिहास

संकेतस्थळाचे पान वाचकाला जेवढे दिसते तेवढेच नसते. त्याच्या संहितेच्या शिरोभागी काही ओळी असतात. त्या पडद्यावर उमटत नाहीत, यंत्राने वाचाव्यात एवढ्यासाठीच लिहिलेल्या असतात. हे मेटा टॅग. शोधयंत्रांत पानाचा क्रम वर नेण्यासाठी या ओळींचा कसा वापर झाला आणि त्यापायी न्यायालयांत खटले कसे लढले गेले, त्याचा हा धागा.

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या मानकात मेटा टॅगला स्थान होते. कल्पना ग्रंथालयातील तालिकेच्या कार्डासारखी : पुस्तक न उघडताच विषय कळावा. १९९६ मध्ये इन्फोसीक आणि अल्टाव्हिस्टा ही शोधयंत्रे ‘कीवर्ड्स’ टॅगमधील शब्दांची दखल घेऊ लागली.

मात्र ग्रंथालयातील कार्ड ग्रंथपाल लिहितो. येथे ते दुकानदार स्वतःच लिहीत होता! मग एकच शब्द पुन्हापुन्हा लिहिणे आले, विषयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द कोंबणे आले आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याचे नावही आले.

अमेरिकेतील ब्रुकफील्ड विरुद्ध वेस्ट कोस्ट या १९९९ च्या खटल्यात ‘मूव्हीबफ’ या नावावरून वाद होता. अपील न्यायालयाने दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. महामार्गावर फलक लावायचा प्रतिस्पर्ध्याच्या नावाचा, पण वळण दाखवायचे स्वतःच्या दुकानाकडचे. तिथे पोहोचलेल्या ग्राहकाला चूक कळते; तरीही आता आलोच आहोत म्हणून तो तिथेच खरेदी करतो. दुसऱ्याचे नाव मेटा टॅगमध्ये घालणे हे असेच, असे न्यायालयाचे म्हणणे. हा दृष्टान्त मला थोडा ताणलेला वाटतो, कारण शोधयंत्राच्या यादीतून मागे फिरायला एक क्षण पुरतो. त्याच न्यायालयाने २००२ मध्ये टेरी वेल्स यांना मात्र ‘प्लेबॉय’ व ‘प्लेमेट’ हे शब्द टॅगमध्ये ठेवू दिले. त्या १९८१ च्या ‘प्लेमेट ऑफ द इयर’ होत्या. स्वतःची ओळख त्यांनी दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगावी?

दरम्यान यंत्रांचा विश्वास उडत चालला होता. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या आपल्या निबंधातच नोंदवले होते की, वाचकाला न दिसणाऱ्या मजकुराचा दुरुपयोग होतो. त्यांच्या गूगलने इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांना महत्त्व दिले. (पुढे दुव्यांचाही बाजार भरला, तो वेगळ्या धाग्याचा विषय.) २००२ मध्ये अल्टाव्हिस्टानेही कीवर्ड्स टॅग सोडला. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरपणे सांगितले की, क्रम ठरवताना आपण हा टॅग पाहतच नाही. या टॅगवरून कंपन्या एकमेकींना न्यायालयात खेचतात, याचाही उल्लेख त्या निवेदनात होता.

तरी खटले थांबले नाहीत. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात शादी डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीचे प्रकरण आले. प्रतिस्पर्धी विवाहस्थळाने तिचे नाव आपल्या मेटा टॅगमध्ये घातले होते. न्यायमूर्ती जी. एस. पटेल यांनी मेटा टॅग म्हणजे काय हे आदेशात समजावून सांगितले आणि त्या वापराला मनाई केली. यंत्राने दुर्लक्षिलेला शब्द कायद्याच्या दृष्टीने अजून जिवंत होता.

‘डिस्क्रिप्शन’ टॅग आजही उपयोगी आहे, पण क्रमासाठी नव्हे. शोधनिकालाखाली दिसणाऱ्या दोन ओळी अनेकदा त्यातून घेतल्या जातात. कीवर्ड्स टॅग मात्र कित्येक पानांच्या संहितेत अजूनही भरलेला आढळतो.