साक्षीदार कोठे गेले?

आळंदीवरून आलेली इंद्रायणी चऱ्होलीच्या कडेने पुढे तुळापुराकडे जाते. ह्या काठावर राहणाऱ्यांना आळंदीच्या चार भावंडांची कथा नव्याने सांगावयास नको. संन्याशाची पोरे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले आणि शुद्धिपत्रासाठी पैठणास जावयास लाविले, असे परंपरा सांगते. ती कथा ऐकताना आपण नेहमी त्या भावंडांच्या बाजूस उभे असतो. वाळीत टाकणारे लोकही आपल्यासारखेच चार शहाणे गृहस्थ होते, हे सहसा आपल्या मनात येत नाही. आज आम्हांस जो इतिहास सांगावयाचा आहे तो इतका जुना नाही, आणि त्याचा एक धागा चऱ्होलीपासून फार लांब नसलेल्या चिंचवडातून निघतो. सरकार एक हकीकत सांगते, ती खोटी आहे असे अनेकांना ठाऊक असते, आणि तरीही ती टिकते. ती कशी टिकते, हा आमचा प्रश्न आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांची नेमणूक झाली, आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. रोग्यास वेगळे करणे आवश्यक होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. टिळकांनाही ते मान्य होते, आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविण्यात त्यांनी स्वतः अंग मोडून काम केले. तक्रार होती ती रीतीविषयी. सोजीर देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत, सामान बाहेर फेकीत, बायकांची तपासणी चारचौघांत करीत. सरकारी हकीकत मात्र अशी होती की, सैनिकांचे वर्तन उत्तम असून स्त्रियांच्या विटंबनेची विश्वासार्ह तक्रार एकही नाही.

ह्या हकीकतीवर उघडपणे बोट ठेवणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. प्लेगच्या इस्पितळात स्त्रिया सुरक्षित नाहीत, अशा आशयाचे पत्र त्यांनी त्या वर्षी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात प्रसिद्ध केले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी ते चुकीचे व दिशाभूल करणारे ठरवून बाजूस सारले. ह्यात नवल नाही. नवल वाटावयाचे ते पुणेकरांचे. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि शारदा सदनावरून शहर त्यांच्यावर आधीच रुष्ट होते. ज्या गोष्टीसाठी सारे शहर आतल्या आत धुमसत होते, तीच गोष्ट बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी शहर एकजुटीने उभे राहिले नाही. बोलणे खरे की खोटे, ह्याआधी बोलणारा आपल्यातला की बाहेरचा, हे पाहिले गेले.

त्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गेलेला हा एकतीस वर्षांचा प्राध्यापक. पुण्याहून त्यांच्या परिचितांची पत्रे येत होती आणि त्यांत झडत्यांतील अत्याचारांचे वर्णन होते. सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकी एकीने पुढे जीव दिला, अशी बातमीही त्यांत होती. जुलैच्या आरंभी गोखल्यांनी ती मँचेस्टर गार्डियन पत्रास सांगितली. पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुंबई सरकारने चौकशी केल्याचे जाहीर करून आरोप धडधडीत खोटा आहे असे उत्तर दिले.

परंतु दरम्यान एक गोष्ट घडून गेली होती. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तेथेच गेला, रँड ३ जुलैस. गोळ्या झाडणारे दामोदर आणि बाळकृष्ण हे चिंचवडच्या चापेकर घराण्यातील भाऊ होते. तेव्हापासून सरकारला घरांतून काय घडले ह्याचे उत्तर द्यावे लागेना. खुनी कोण, एवढे विचारले की पुरे होई. शहरावर जादा पोलीस बसले आणि त्यांचा खर्च रहिवाशांवर पडला. २७ जुलैस टिळकांना अटक झाली. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून स्थानबद्ध केले. ज्यांनी गोखल्यांना पत्रे लिहिली होती त्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले.

जुलैअखेर गोखल्यांची बोट मुंबईस लागली. पुरावा द्या, असे सरकारचे आव्हान होते, आणि पुरावा म्हणजे माणसे. ती पुढे येईनात. पत्र लिहिणे निराळे आणि कचेरीत उभे राहून बोलणे निराळे. त्यातून विटंबना झालेल्या स्त्रीचे नाव उघड करावयाचे, म्हणजे त्या घरास समाजात तोंड दाखविणे अशक्य करावयाचे. गोखल्यांनी कोणाचेही नाव सरकारास दिले नाही. ४ ऑगस्टला त्यांची बिनशर्त माफी प्रसिद्ध झाली. इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटारडे म्हटले आणि आपल्या लोकांनी भित्रे म्हटले. त्या भित्र्या म्हणणाऱ्यांत साक्षीस पुढे येऊ शकणारे किती होते, हे कोणी विचारले नाही.

त्या दोन स्त्रियांची बातमी खरी होती की ऐकीव, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. तो करता येत नाही, हेच ह्या प्रकरणातील मुख्य दुःख आहे. तो त्या वेळीच होऊ शकला असता. तो न होण्यास सरकारची धमकी जितकी कारण झाली, तितकीच शेजाऱ्यांची लाज आणि शेजाऱ्यांचे मौन.

टिळकांच्या खटल्यात हेच न्यायासनावरून घडले. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले. सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची ह्यांनी लाविला, आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारवर प्रेम न करणे हाच गुन्हा ठरला, तेव्हा प्रश्न विचारण्यास जागा ती काय उरणार? तरीही त्या तिघा ज्यूररांनी आपले मत बदलले नाही, हे आम्हांस आवर्जून नोंदवावेसे वाटते.

आता चिंचवडकडे पुन्हा वळू. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. धाकटे वासुदेव व बाळकृष्ण १८९९ च्या मे महिन्यात. एका घरातील तिघे. त्यांचा त्याग आमच्या परिसराचा अभिमान आहे आणि तो तसाच राहो. परंतु आपण त्यांचीही एक ठराविक हकीकत तयार केली आहे, आणि तीत न बसणारे गाळून टाकले आहे. दामोदरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात समाजसुधारकांविषयीचा त्वेष लपविलेला नाही. परकीय सत्तेस न भिणारे हे तरुण आपल्या समाजात वेगळे बोलणाऱ्यास सहन करीत नव्हते. हे सांगितल्याने त्यांचे शौर्य कमी होत नाही. हे सांगण्यासही आज धीर लागतो, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

इंग्रज गेले. आजचे सरकार आपण निवडतो. पण सरकारी हकीकत आणि गावाचे मौन ह्यांची जोडी इंग्रजांबरोबर बोटीवर चढली नाही. चऱ्होली आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, जमिनी, रस्ते आणि नदीचे पाणी ह्यांविषयी कागदावर एक असते आणि काठावर दुसरे दिसते, असा प्रसंग येथेही कोणावर तरी येईल. तो मनुष्य सभेत उठून विचारील, आणि कदाचित तो आपल्या जातीचा, पक्षाचा किंवा आळीचा नसेल. त्याला पुरावा मागितला जाईल. त्या वेळी ज्यांनी पाहिले आहे त्यांनी उठून उभे राहावे, एवढीच आमची विनंती आहे.