आकडा निम्मा झाला, तेव्हा काय झाले?

जुलै २००७ मध्ये भारतातील एच.आय.व्ही.बाधितांचा अंदाज एकाएकी निम्म्याच्या खाली आला. २००५ सालासाठीचा सरकारी अंदाज ५२ लाखांचा होता; २००६ साठीचा नवा अंदाज सुमारे २५ लाखांचा निघाला. वर्षभरात सत्तावीस लाख माणसे बरी झाली नव्हती, की दगावलीही नव्हती. चूक मोजणीत होती. ती कशी झाली आणि कशी सापडली, हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण १९८१ मध्ये नोंदले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली. भारतातील पहिले बाधित १९८६ मध्ये मद्रासला आढळले, ते डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांच्या कामामुळे. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधील एका मराठी कुटुंबातल्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आमच्या रावेतपासून जवळच, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आता तिचे नाव बदलले आहे.

बाधित माणूस अनेक वर्षे निरोगी दिसतो. त्यामुळे केवळ रुग्ण मोजून ही साथ मोजता येत नाही आणि साऱ्या देशाचे रक्त तपासणेही शक्य नसते. म्हणून १९९८ पासून ठरावीक सरकारी केंद्रांवर नमुने घेतले जाऊ लागले. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी आलेल्या सुमारे ४०० स्त्रियांचे रक्त प्रत्येक केंद्रावर, नाव न जोडता, तपासले जाई. गुप्तरोग उपचार केंद्रांतूनही नमुने घेतले जात. या प्रमाणांवरून राज्याचा आणि देशाचा अंदाज बांधला जाई.

यातली अडचण एका उदाहरणाने समजेल. रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडसाठी पवनेचे पाणी उचलले जाते. समजा, नदी तपासण्यासाठी आपण दर वर्षी एकाच नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली. पाणी सुधारते आहे की बिघडते आहे, हे त्यावरून कळेल; पण संपूर्ण नदी किती दूषित आहे, हे कळणार नाही. इथे तसेच झाले. दक्षिणेत खासगी दवाखाने बाधित स्त्रियांना बहुधा सरकारी रुग्णालयात पाठवत, म्हणून तेथील प्रमाण वाढलेले दिसे. आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात डॉ. ललित दांडोना आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन रक्त तपासले, तेव्हा बाधितांची संख्या जुन्या पद्धतीच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी आढळली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

२००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची चाचणी झाली आणि प्रमाण ०.२८ टक्के निघाले. अर्थात घरोघरच्या पाहणीतूनही काहीजण निसटतात : वेश्याव्यवसायातील स्त्रिया, सतत फिरतीवर असणारे कामगार. त्यांचा हिशेब धरून प्रौढांमधील प्रमाण ०.३६ टक्के ठरवले गेले. या दुरुस्तीचा परिणाम जगाच्या आकड्यावरही झाला. २००६ मध्ये ३.९५ कोटी सांगितलेला जागतिक अंदाज २००७ मध्ये ३.३२ कोटींवर आला, त्याचे सर्वांत मोठे कारण भारत होता.

मग साथ निम्म्याने ओसरली का? नाही. नवी पद्धत मागच्या वर्षांना लावली, तेव्हा घट दिसली, पण ती सावकाश होणारी. मोजपट्टी बदलली की जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

याच्या उलटही घडते. २०२३ साठीचा भारताचा अंदाज पुन्हा सुमारे २५ लाखच आहे. आकडा तोच, अर्थ मात्र वेगळा. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली आणि बाधित माणसे दीर्घकाळ जगू लागली. २०२३ मध्ये सुमारे ६८ हजार नवे संसर्ग झाले आणि सुमारे ३६ हजार मृत्यू. टाकीतल्या पाण्याची पातळी तीच राहिली, तरी येणारी आणि जाणारी धार दोन्ही बारीक झाल्या आहेत. जगातही २००४ च्या सुमारास वर्षाला २१ लाखांपर्यंत गेलेले मृत्यू २०२३ मध्ये ६.३ लाखांवर आले.

वर्गात अशा आकड्याची बातमी आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावे. नमुना कुठून घेतला? मागच्या वेळची मोजपट्टी हीच होती का? हा आकडा एकूण बाधितांचा आहे की नव्यांचा? आणि चौथी गोष्ट आपणच सांगावी : या २५ लाखांतील एखाद्या घरचे मूल आपल्याही वर्गात बसलेले असू शकते. त्या मुलाने हे ऐकायचे आहे, हे लक्षात ठेवून शब्द निवडावेत.