अल्प-प्लॅटिनम उत्प्रेरक

अल्कधर्मी द्रावणातील पाण्याच्या विद्युत् अपघटनाने हायड्रोजन मिळवताना ऋणाग्रावर वापरले जाणारे, प्लॅटिनमचे प्रमाण अत्यल्प ठेवलेले उत्प्रेरक. औद्योगिक घटांत सुमारे २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि निकेलची विद्युत् अग्रे असतात. निकेल स्वस्त व टिकाऊ आहे. मात्र त्यावर हायड्रोजन सुटण्यासाठी जादा विद्युत् दाब द्यावा लागतो आणि तेवढी वीज वाया जाते. प्लॅटिनम याबाबत सरस ठरते, पण ते दुर्मिळ असून त्याच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिकेचा वाटा सर्वांत मोठा आहे.

खरी अडचण रासायनिक आहे. अम्लात हायड्रोजन आयन तयारच मिळतात. अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पाण्याचा रेणू फोडून मिळवावा लागतो. या पायरीत प्लॅटिनम कमी पडते आणि अम्लाच्या तुलनेत विक्रियेचा वेग सुमारे शंभर पटींनी घटतो. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुब्बारामन, मार्कोविच व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर सुरेख तोड दाखवली. प्लॅटिनमच्या पृष्ठावर निकेल हायड्रॉक्साइडचे सूक्ष्म पुंजके बसवताच विक्रियेचा वेग कित्येक पटींनी वाढला : पाणी फोडण्याचे काम हायड्रॉक्साइड करते आणि सुटलेल्या हायड्रोजन अणूंची जोडणी प्लॅटिनमवर होते. पुढील बहुतेक संशोधनाचा पाया हाच आहे.

निकेल-प्लॅटिनम मिश्रधातूंच्या नॅनोतारा, तसेच आधारद्रव्यावर सुटे विखुरलेले प्लॅटिनम अणू, हे त्यानंतरचे प्रयत्न होत. सुट्या अणूंमुळे धातूचा जवळजवळ प्रत्येक अणू उपयोगी पडतो. परंतु दीर्घ वापरात ते एकत्र गोळा होतात किंवा विरघळतात. म्हणून अशा उत्प्रेरकाची पारख करताना सुरुवातीच्या वेगापेक्षा हजारो तासांच्या टिकाऊपणाला अधिक महत्त्व द्यायला हवे.