चावीची किंमत : २ पौंड ४० पेन्स

रास्पबेरी पाय नावाचा पिटुकला संगणक २०१२ साली इंग्लंडात विक्रीला आला. आकार क्रेडिट कार्डाएवढा, किंमत ३५ डॉलर. डीव्हीडीवरचा एमपेग-२ व्हिडिओ उलगडायची ताकद त्याच्या चिपमध्ये पहिल्यापासून होती, पण तिला कुलूप घातलेलं होतं. ऑगस्टमध्ये कंपनीने त्याची चावी विकायला काढली, २ पौंड ४० पेन्सला. चावी म्हणजे काही आकडे आणि अक्षरं, तीसुद्धा त्या एकाच मशीनला चालणारी. मशीन आपलं, डीव्हीडी आपली, वीजबिल आपलं, आणि तरी बघायचे वेगळे पैसे! हे पैसे नेमके कशाचे, याच्या मागे लागलो आणि बराच लांब जाऊन पोचलो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं गणित तसं फुकटच आहे. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ साली त्यांनी एका कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. कारण काय, तर म्हणे कल्पना फारच सोपी आहे! अहमद यांनी नाद सोडला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापला. त्याचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक बदल वेगळे आणि बारीक बदल वेगळे करायचे, आणि डोळ्याला जाणवत नाहीत ते बारीक बदल बरेचसे टाकून द्यायचे. तुमच्या लग्नाच्या अल्बममधला जेपेग फोटो असाच साठवलेला असतो.

पण फोटो वेगळा आणि हलतं चित्र वेगळं. आधीच्या चित्रावरून पुढचं ओळखायचं, फक्त फरक पाठवायचा, हलणारी वस्तू कुठे सरकली ते सांगायचं... अशा शेकडो युक्त्या लागतात आणि जवळजवळ प्रत्येकीवर कुणाचं तरी पेटंट. १९८८ साली लिओनार्दो किआरिलिओने या इटालियन अभियंत्याच्या पुढाकाराने एमपेग ही समिती सुरू झाली. तिने नियम बांधायचे, आणि पेटंटवाल्यांनी ‘वाजवी आणि भेदभाव नसलेल्या’ अटींवर परवाना द्यायचं कबूल करायचं, असा रिवाज. वाजवी म्हणजे किती, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. (आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत ‘तुमच्या इच्छेप्रमाणे’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.)

मग सोनीकडे जा, फिलिप्सकडे जा, मित्सुबिशीकडे जा, कोलंबिया विद्यापीठाकडेही जा, असं करत टीव्ही बनवणारा म्हातारा व्हायचा. यावरची युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत शिलाई मशीनवाले एकमेकांवर खटले भरून दमले, तेव्हा १८५६ मध्ये त्यांनी पेटंटांची एकत्र मोट बांधली आणि दर मशीनमागे १५ डॉलर घ्यायला लागले. एमपेग-२ साठी हेच काम एमपेग एलए या कंपनीने केलं. स्पर्धकांनी एकत्र बसून दर ठरवणं म्हणजे संगनमताचा आरोप आलाच, म्हणून त्यांनी आधीच अमेरिकेच्या न्याय खात्याकडे विचारणा केली. जून १९९७ मध्ये हिरवा कंदील मिळाला. सुरुवातीला २७ पेटंटं. खरंच अत्यावश्यक कुठली, ते एक तटस्थ तज्ज्ञ ठरवणार. उलगडणाऱ्या दर यंत्रामागे ४ डॉलर, २००२ पासून अडीच, २०१० पासून २. वाटणी मात्र पेटंटांच्या संख्येवर, त्यामुळे ज्याची जास्त त्याचा वाटा मोठा. पेटंटं वाढत का गेली, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

तरीही ही व्यवस्था चालली. खिडकी एकच होती आणि आकडा आधी माहीत होता.

हाव सुटली की काय होतं, ते २००२ मध्ये दिसलं. एमपेग-४ साठी नुसत्या यंत्रामागेच नव्हे, तर प्रक्षेपणाच्या दर तासामागे २ सेंट मागितले गेले. अॅपलचं क्विकटाइम ६ तयार होतं, पण या अटींवर बाहेर काढणार नाही म्हणून त्यांनी ते अडवून धरलं. अटी सैल झाल्यावर जुलैमध्ये ते आलं. पुढच्या एच.२६४ ला (२००३) हा धडा लक्षात होता. वर्षाला पहिली लाखभर यंत्रं मोफत, नंतर २० सेंट, आणि वर कमाल मर्यादा. इंटरनेटवर फुकट दाखवलेल्या व्हिडिओला कधीच पैसे लागणार नाहीत, हे २०१० च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. त्याच मे महिन्यात गुगलने स्वतःचं व्हीपी८ सर्वांना खुलं केलं होतं, हा योगायोग नसावा.

एचईव्हीसी २०१३ साली तयार झालं आणि सगळं विसकटलं. एमपेग एलएचा परवाना २०१४ मध्ये आला. २०१५ मध्ये एचईव्हीसी अॅडव्हान्स नावाची दुसरी खिडकी उघडली. तिने तर चित्रपट दाखवणाऱ्यांच्या उत्पन्नातला अर्धा टक्का मागितला. डिसेंबरात माघार घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०१७ मध्ये तिसरी खिडकी, वेलोस मीडिया. काही पेटंटवाले यांतल्या एकाही खिडकीत नव्हते. एकूण बिल किती, हे कुणालाच सांगता येईना. सप्टेंबर २०१५ मध्ये गुगल, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन, मोझिला वगैरे एकत्र आले आणि २०१८ मध्ये त्यांनी रॉयल्टी नसलेलं एव्ही१ आणलं. गंमत म्हणजे त्यावरही हक्क सांगणारा पूल सिस्वेलने २०१९ मध्ये जाहीर केला.

जानेवारी २०१८ मध्ये किआरिलिओने यांनी स्वतःच्या ब्लॉगवर हे दुखणं मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की पेटंटच्या पैशांतून पुढचं संशोधन होत होतं; ते आटलं तर पुढची सुधारणा करायला कोण येणार? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. एव्ही१ फुकट आहे, कारण त्यामागच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नफा जाहिराती, वर्गणी असा दुसरीकडून येतो. अशी दुसरी कमाई नसलेल्या छोट्या प्रयोगशाळेने काय करायचं? पण तीन खिडक्या उघडणाऱ्यांनीही या प्रयोगशाळेचा विचार केलेला दिसत नाही. २०२० च्या जूनमध्ये समितीची जुनी रचना मोडली आणि बत्तीस वर्षांनी किआरिलिओने बाहेर पडले. एमपेग एलए २०२३ मध्ये व्हाया लायसन्सिंगने विकत घेतली. एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट त्याआधीच, फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं होतं.