चार सुट्या भागांचा इतिहास

१९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. अमरावती-अकोल्याला जवळचे असे ते केंद्र. त्या वेळचा रेडिओ म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हांचे जडशीळ खोके. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बांधावर जाऊन बसला. मात्र त्याचे पोट सेलांवर. सेल उतरले की आवाज बसायचा. घरात वीज असली तरी २३० व्होल्टांची ती धार सहा व्होल्टांच्या यंत्राला कशी पाजावी?

ट्रान्सफॉर्मरने दाब नऊवर आणता येतो, डायोडांनी तो एकदिश करता येतो. परंतु लांबच्या तारेच्या टोकाला, रब्बीत विहिरींवरचे पंप एकदम चालू झाले, की २३० चे १८० होतात आणि ट्रान्सफॉर्मर ती घट इमानेइतबारे पुढे पोचवतो. खरी अडचण ही.

तिच्यावरचा तोडगा चार सुट्या भागांत मावतो: मोठा कॅपॅसिटर, एक रोधक, एक झेनर डायोड, एक ट्रान्झिस्टर. कॅपॅसिटरवर सुमारे अकरा व्होल्ट साठतात. लाइन १८० वर घसरली तर साडेआठ. झेनर मात्र ६.८ ला अडून बसतो. ट्रान्झिस्टर त्यातले पाऊण व्होल्टाहून थोडे कमी स्वतःकडे ठेवतो आणि रेडिओला सहाच्या किंचित वर देतो, लाइन काहीही म्हणो. उरलेला दाब उष्णता होऊन जातो. म्हणून त्याच्या अंगाला पत्रा लावायचा.

क्लॅरेन्स झेनर याने १९३४ साली या भंगाची उपपत्ती मांडली. गंमत अशी की पाच-सहा व्होल्टांच्या वरच्या डायोडांत मुख्यतः निराळीच, हिमस्खलनासारखी क्रिया घडते. नाव मात्र झेनरचेच राहिले. ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मधला, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. एक सिद्धान्त आणि एक शोध, दोन्ही आपल्या दिवाणखान्यातल्या डबीत एकत्र आले.

१९७० च्या आसपास तीन पायांचा तयार नियामक निघाला. तो अधिक अचूक, अधिक गरम झाला तर आपणच थांबणारा. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरी पोराला शिकवायचे तर मी सुटे भागच पुढ्यात ठेवीन. तयार तुकडा जळला तर फेकायचा. इथे मीटर बोलतो: झेनरवर शून्य दिसले तर बहुधा तो आतून जुळून गेला, रेडिओ मुका. आणि बाहेर सहाऐवजी अकरा आले, तर ट्रान्झिस्टर आरपार गेला. रेडिओची तार आधी काढावी, चौकशी मागाहून.