तहान कुणाची, वाटी कुणाची?

बँकेतल्या माणसाला इतिहास कळत नाही, असा एक समज आहे. तो साफ खोटा आहे. इतिहासकाराला लागतं काय? जुनी कागदपत्रं, फाटकी रजिस्टरं, खाडाखोड केलेल्या नोंदी आणि ‘हे कुणी केलं?’ असं विचारताच ‘माझ्या आधीच्या माणसानं’ असं सांगणारे साक्षीदार. हा सगळा माल आमच्या शाखेच्या माळ्यावर भरपूर आहे. शिवाय मी पडलो बी. कॉम. त्यामुळे कुठल्याही व्यवहारात जमा कुणाच्या खात्यावर झाली आणि नावे कुणाच्या पडली, एवढं विचारायची मला खोड आहे. राजेरजवाड्यांच्या लढायांवर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मी एका अगदी लहान पात्राचा इतिहास सांगणार आहे. ते पात्र म्हणजे बाळाच्या तोंडाशी धरायची वाटी.

माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि भाचा जेमतेम सव्वा महिन्याचा झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात येणारा प्रत्येक माणूस त्या पोराच्या पोटात काही ना काही घालायला टपलेला आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “ग्राइप वॉटर द्या हो, आमची तिन्ही त्याच्यावर वाढली.” आत्या मधाची बाटली घेऊन आली. आमच्या हेड कॅशियरनी नारळपाणी सुचवलं. डॉक्टरीणबाई मात्र एका वाक्यात मोकळ्या झाल्या. “सहा महिने आईचं दूध. दुसरं काही नाही. पाणीसुद्धा नाही.”

“पाणीसुद्धा नाही? मे महिन्यात?” आईनं विचारलं.

“अहो आजी, त्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. आणि ते दूधवाल्यानं घातलेलं नसतं.”

आई गप्प बसली. माझी आई गप्प बसली म्हणजे प्रकरण इतिहासात जमा झालं असं समजायला हरकत नाही. म्हणून मी तो इतिहास चाळायला घेतला.

आपल्याकडचं पहिलं पान अर्थात बाळगुटीचं. वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, बाळहिरडा, मुरुडशेंग, खारीक, बदाम असा सगळा दरबार सहाणेवर हजेरी लावायचा. प्रत्येकाचे वेढे मोजलेले. बाळ लहान असताना एक वेढा, मग दोन, मग तीन. वार्षिक वेतनवाढ इतक्या नियमानं आमच्या बँकेतसुद्धा मिळत नाही. मग ती गुटी चोचीच्या बोंडल्यातून बाळाच्या घशात जायची. बाळ रडायचं, आजी म्हणायची, “बघा, पोट साफ होतंय.” आता डॉक्टर म्हणतात की सहाण, हात आणि बोंडल्याची चोच या तिन्ही ठिकाणी जंतूंची खाती उघडलेली असतात, आणि मधातून येणारा एक जंतू वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरचा ठरू शकतो. तरीही गुटीबद्दल एक सांगितलं पाहिजे. ती उगाळायला घरात कुणीतरी रिकामं माणूस लागायचं. बाळापाशी बसायला वेळ असलेलं माणूस.

दुसऱ्या पानावर तो वेळच नाही. माझी पणजी लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. भोंगा झाला की आत, दुसरा भोंगा झाला की बाहेर, आणि मधल्या वेळात चाळीतल्या खोलीत मूल. आजी ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायची. मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. गोळीचं नाव मात्र कसं लाडिक! बाळागोळी. डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आकडा दिला होता, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. आकड्यांची मला सवय आहे. पण हा आकडा वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला. अठ्ठ्याण्णव आया एकाच वेळी निर्दय कशा असतील? तसं नव्हतं. घरी थांबलं तर पगार कापला जायचा. पोराला झोप हवी होती असं नव्हे, आईला हजेरी हवी होती. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. तोवर वाटीतल्या अफूची नोंद आईच्या नावे पडत राहिली आणि जमा मात्र गिरणीच्या खात्यावर झाली.

हे आपल्याच मागासलेपणाचं लक्षण, असं कुणी म्हणायच्या आत विलायतेचं खातंही उघडून पाहू. तिथल्या कारखान्यांच्या गावांत पोरांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजत. त्यात अफू. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ खपत होतं. त्यात मॉर्फीन. नावं बघा. ‘अफूचा काढा’ म्हटलं तर कोण घेईल? ‘मिसेस विन्स्लो’ म्हटलं की डोळ्यांसमोर लोकर विणणारी आजी उभी राहते. अमेरिकेत १९०६ साली कायदा आला आणि असल्या बाटल्यांवर आत काय आहे ते छापणं भाग पडलं. आजीबाईंचं खरं नाव तेव्हा लोकांना कळलं.

काकूंचं ग्राइप वॉटरही त्याच काळातलं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधवाल्यानं ते १८५१ साली तयार केलं. शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि थोडा अल्कोहोल! विलायतेतल्या बाटलीतून अल्कोहोल गेला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं साहेबाची पोरं पाळण्यातच एकेक घोट मारून झोपत होती, आणि घरचे म्हणत होते, “काय गुण आला!”

मग डबे आले. लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६५ साली बाळांसाठी सूप काढलं. स्वित्झर्लंडमध्ये आन्री नेस्ले यांनी १८६७ साली दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पूड केली. ज्या बाळांना आईचं दूध मिळणंच शक्य नव्हतं, त्यांना या वाटेचा आधार झाला, हे मान्य केलंच पाहिजे. आजही डॉक्टरांनी सांगितलं असेल तिथे डबा हवाच. गोंधळ झाला तो ज्यांना गरज नव्हती त्यांच्या दारातही डबा पोचला तेव्हा. गरीब देशांत पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही, आणि डबा महाग. मग एका डब्यात महिना काढायचा म्हणून आई पूड कमी घालायची, पाणी जास्त. तुटपुंज्या पगारात तीस तारीख गाठण्याची ही कला मला चांगली ठाऊक आहे. पण आमची आमटी पातळ झाली तर फक्त आम्ही कुरकुरतो. तिथं बाळं आजारी पडली आणि मेली. लंडनमध्ये १९७४ साली यावर एक पुस्तिका निघाली, १९७७ पासून बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या मालाच्या जाहिरातीला लगाम घालणारी संहिता मंजूर केली. बाजूनं ११८ देश, विरुद्ध एक. तो एक म्हणजे अमेरिका. आपण १९९२ साली कायदाच केला. तेव्हापासून अशा डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला बंदी आहे. गुटगुटीत बाळ डब्यावरून गेलं.

ते मोठं झालं आणि दुसऱ्या डब्यावर गेलं. हॉर्लिक बंधू मूळचे इंग्लंडचे, धंदा अमेरिकेत. १८८३ साली त्यांनी माल्टेड दुधाच्या पुडीचं पेटंट घेतलं. हीच पूड विलायतेत १९३० च्या सुमारास झोपायच्या आधीचं पेय म्हणून खपवली गेली. ती प्यायली की शांत झोप. आपल्याकडे तीच पूड सकाळी पोराला देतात, कारण ती प्यायली की उंची, ताकद आणि वर्गात नंबर. एकाच पुडीनं साहेब झोपतो आणि आपला बंड्या पहिला येतो, याचा खुलासा फक्त जाहिरातखातंच करू शकेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना कळवलं की अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा, कारण अन्न सुरक्षा कायद्यात तसला प्रकारच नाही. म्हणजे आमच्या दोन पिढ्या ज्या पदावर विश्वास ठेवून दूध प्यायल्या, ते पद आस्थापनेत मंजूरच नव्हतं!

मग पोराला द्यायचं काय? डॉक्टरीणबाईंची यादी इतकी छोटी आहे की माझ्यासारख्या कारकुनाला ती अपुरी वाटते. सहा महिने आईचं दूध. पुढे जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट, आणि आईचं दूध चालूच. वर्षानंतर साधं दूध, बिनसाखरेचं, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त झालं की पोट दुधानंच भरतं, वरणभाताला जागा उरत नाही आणि अंगात लोह कमी पडतं. फळाचा रस नको, फळ द्या. आणि चहा नको. बशीत ओतून, फुंकर मारून, पोळीचा तुकडा बुडवूनसुद्धा नको. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा, कारण तो नीट घासता येतो. या यादीत विकायला काही नाही, म्हणून तिची जाहिरात होत नाही.

पण यादीतली पहिली ओळ फुकट नाही, हे मला आमच्या रजेच्या रजिस्टरात दिसलं. २०१७ साली बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. डॉक्टरीणबाईंचे सहा महिने आणि रजिस्टरातले सहा महिने पैपैला टॅली झाले. बाळाला काय पाजावं हा प्रश्न आपण दीडशे वर्षं औषधवाल्याला आणि दुकानदाराला विचारत होतो. त्याचं उत्तर रजेच्या अर्जात होतं.

माझी बहीण नोकरीत आहे, तिचा अर्ज मंजूर झाला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई मात्र बाळंत झाल्यावर दीड महिन्यात कामावर हजर. पाच घरची कामं, रजिस्टर एकाही घरात नाही. बाळ थोरल्या मुलीपाशी, आणि सोबत पाण्यात कालवलेली कसलीशी पूड. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “उद्यापासून त्याला घेऊन ये. आणि भांडी राहू देत जरा, आधी त्याला पाज.” बाईंनी विचारलं, “आणि बाकीची चार घरं?” त्यावर आईकडे उत्तर नव्हतं. तिनं पदर खोचला आणि त्या चार घरांचे फोन नंबर मागितले.